तुझ्या राजाची उडी

उषे,

आज तुझ्या शोकसभेत लोक हसले.

सिल्वासातल्या एका शाळेच्या हॉलमध्ये टेबलावर तुझा फोटो ठेवला होता. तो कुणी निवडला कोण जाणे. त्यात तू इतकी गरीब गाय दिसतेस की क्षणभर मला वाटलं, चुकून दुसऱ्याच बाईचा आणलाय. मुख्याध्यापक बोलले. तू खानवेलच्या मुलांना गणित कसं शिकवायचीस, रोज पहिली बस पकडून कशी पोचायचीस, त्याबद्दल बरंच काही चांगलं बोलले. दोन बायका रडल्या. मग आमच्या ऑफिसातले राठोड उठले. वातावरण जरा हलकं करावं असं त्यांना वाटलं असणार. त्यांनी कर्मचारी बुद्धिबळ स्पर्धेच्या त्या फायनलची गोष्ट काढली. ‘मॅडम एवढ्या हुशार, सिल्वासात त्यांना हरवणारी बाई नव्हती. आणि फायनलमध्ये काय केलं? राजाला घोडा करून उडवला!’ मग त्यांनी पंचांचं ते वाक्य पंचांच्याच आवाजात म्हणून दाखवलं, ‘बेन, राजा छे, घोडो नथी!’ अख्खा हॉल हसला. मघाशी रडलेल्या त्या दोघीही डोळे पुसता पुसता हसल्या.

त्या हसण्यात वाईट काही नव्हतं, हे मलाही कळतं. माणूस गेल्यावर त्याच्या चुकासुद्धा लोकांना गोड वाटतात. पण राठोडांनंतर माझं नाव पुकारलं गेलं. ‘ती फायनल जिंकलेल्या शुभदाताई आता दोन शब्द बोलतील.’ मी उठले. मुठी आवळून माइकपर्यंत गेले.

मी काय बोलले ते सांगणारच आहे. त्याआधी मला तुझ्याशी भांडायचंय. तू गेल्यापासून रोज भांडतेच आहे म्हणा, पण मनातल्या मनात भांडलं की तू मध्ये बोलतेस आणि मुद्दा राहून जातो. म्हणून लिहून काढते.

आपली पहिली भेट आठवते? स्पर्धेच्या नावनोंदणीला बायकांच्या रांगेत आपण दोघीच होतो. मी राजापूरकडची, प्रशासनाच्या ऑफिसात क्लार्क, बोलायला घाबरणारी. तू शिरपूरकडची, सगळ्यांशी पहिल्या भेटीत अगं-तुगं करणारी. तू मला वरपासून खालपर्यंत पाहिलंस आणि विचारलंस, ‘खेळता येस का, का नुसतं नाव देवाले आलीस वं?’ मी चिडले. चिडून खेळले आणि भुईसपाट झाले. खेळ संपल्यावर तू डब्यातली कळण्याची भाकरी मोडून माझ्या हातावर ठेवलीस आणि म्हणालीस, ‘रविवारी घरी ये. तू चांगली हरतीस.’ चांगली हरतेस! असं कौतुक त्याआधी कुणी केलं नव्हतं माझं.

मग तुझ्या क्वार्टरच्या गॅलरीत रविवार सुरू झाले. खाली मसाटच्या कंपन्यांतून शिफ्ट सुटलेली पोरं सायकलींवरून जायची, हिंदीत, गुजरातीत, आपल्या मराठीत एकमेकांना शिव्या घालत. वर आपण दोघी पटाशी. तुझी खेळायची तऱ्हा बघून मी पहिल्यांदा हसलेच होते. जगात सगळे लोक पहिल्या खेळीला प्यादं दोन घरं पुढे टाकतात. तू एकच घर सरकवायचीस. मग दुसरं प्यादं, तेही एकच घर. तिसरं, चौथं, पाचवं, सगळी एकेक घर. तिसऱ्या ओळीवर प्याद्यांची एक रांग उभी राहायची. तिच्या मागे उंट कोपऱ्यात, घोडे मधोमध, राजा होता तिथेच. किल्लेकोट करून राजा हत्तीआड लपवायलाही तू नाखूश असायचीस. या सुरुवातीला तू ‘कुंपण’ म्हणायचीस. मी म्हणायची, ‘अगं, ही काय सुरुवात झाली? ही तर माघार आहे.’ तू म्हणायचीस, ‘ये ना मंग आत.’ मी आत शिरायची, आणि त्या कुंपणात कुठेतरी माझा वजीर अडकायचा.

ही सुरुवात तू पुस्तकातून उचललेली नव्हती. तुझ्या वडलांची होती ती. गावात चिंचेखाली पुरुष बसायचे, तू पाणी द्यायच्या निमित्ताने तिथे घुटमळायचीस आणि बघून बघून शिकलीस. त्या खेळाची रीतच वेगळी. प्यादं पहिल्यांदासुद्धा एकच घर चालायचं. किल्लेकोट नाही. आणि राजाला अख्ख्या डावात एकदाच घोड्यासारखी उडी मारायची मुभा. हे सांगताना तुझे डोळे चमकायचे. ‘राजाले एकदाव घोडा होता येस. आपल्याले एकदाव बी येत नई.’ मी कितीतरी वेळा म्हटलं, एकदा त्या रीतीने खेळू ना. तू उडवून लावायचीस. ‘जाऊ दे वं, ते जुनं. स्पर्धेत चालत नई, मग कशाले डोकं खराब करतीस?’ हे उडवून लावणं फायनलनंतर सुरू झालं, हे माझ्या आत्ता लक्षात येतंय. त्याआधी एकदोनदा तूच म्हणाली होतीस, शिकवीन म्हणून.

तुझी दुसरी एक सवय. मारलेली प्यादी तू बाजूला ठेवायची नाहीस. डाव्या मुठीत घेऊन बसायचीस आणि विचार करताना ती एकमेकांवर घासायचीस. टिक टिक, टिक टिक. मला त्याचा भयंकर राग यायचा. आता सांगते, हसू नकोस. तू गेल्यापासून तो आवाज माझ्या घरात येतो. मी भाजी चिरताना मागे वळून बघते. परवा फ्रीज बंद करून पाहिला, पंखा बंद करून पाहिला, नळ घट्ट केला. आवाज थांबला, आणि थांबल्यावर मला जास्त भीती वाटली. कारण तू आवाज थांबवायचीस ते खेळी ठरली की.

रविवारी मी पट मांडते. दोन्ही बाजूंनी एकटीच खेळते. यात वेडेपणा आहे हे मला माहीत आहे, तोंडावर सांगायची गरज नाही. पण एक चमत्कारिक गोष्ट होते. तुझ्या खुर्चीत बसून तुझं कुंपण बांधायला घेतलं की माझे हात सावकाश होतात. मला एरवी न दिसणाऱ्या खेळ्या दिसतात. मग माझ्या खुर्चीत परत येते, घाई करते आणि हरते. एकटी खेळूनही तूच जिंकतेस. ही काय तऱ्हा आहे, उषे? मेल्यावर तरी माणसाने एखादा डाव सोडावा.

नाही, थांब. नेमका त्याच्याच उलट आहे माझा सगळा राग.

आपलं ते भांडण आठव. मुख्याध्यापकांच्या नातवाशी मी खेळले होते आणि मुद्दाम हरले होते. लहान मूल, तापातून उठलेलं, जिंकलं म्हणून नाचलं. तू घरी येऊन गॅलरीत बसल्या बसल्या माझ्यावर तुटून पडलीस. ‘डाव द्याचा नस्तो कोणाले. समोरच्याले भिकारी समजस का तू?’ मी म्हटलं, अगं, प्रेमाने दिलेल्या डावाला भीक कसं म्हणतेस? तू म्हणालीस, ‘त्याले जेव्हा कळी, तेव्हा इचार त्याले, प्रेम होतं का भीक होती.’ मी म्हटलं, कळणारच नाही. तू म्हणालीस, ‘कळस. आज ना उद्या कळसच.’ त्या दिवशी आपण डाव न खेळताच उठलो. तो वाद अर्धाच राहिला. नंतर मी दोनतीनदा उकरून काढला, पण तू चहाचं आधण ठेवायला उठून जायचीस.

आता फायनल.

त्या वर्षी माझी अवस्था काय होती ते तुझ्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. हे जाऊन वर्ष उलटलं होतं. ऑफिस आणि घर, घर आणि ऑफिस. मुलगी शिकायला पुण्याला. मी फक्त रविवारी माणसात यायची, तेही तू खाली उभी राहून माझ्या नावाने हाका मारायचीस म्हणून. एरवी दार लावून बसायची. स्पर्धेत दरवर्षी फायनलला आपण दोघी असायचो, दरवर्षी तू जिंकायचीस, आणि बाहेरगावच्या मोठ्या स्पर्धेला बायकांमधून एकटी तूच जायचीस. त्या सकाळी तुझ्याकडे चहा पिताना मी म्हणाले होते, ‘उषा, ह्या वेळी हरले ना, तर बास. पट माळ्यावर टाकणार. मला आता काहीच जमत नाही.’ मी लटकं बोलत नव्हते. खरंच ठरवलं होतं मी. तू काहीच बोलली नाहीस. तू बोलत नाहीस म्हणजे काहीतरी शिजतंय, हे मला तेव्हा कळायला हवं होतं. पण मी माझ्याच दुःखात इतकी बुडलेली होते की समोर बसलेली तू मला दिसत नव्हतीस.

पांढरी तुझ्याकडे. राजापुढचं प्यादं एक घर. मी माझं दोन घरं. मग तुझं वजिरापुढचं प्यादं एक घर, आणि त्याबरोबर तुझ्या राजाकडे जाणारी एक तिरपी वाट उघडी पडली. मी उंट आणला आणि शह दिला. दुसऱ्याच खेळीला! त्या शहात काही अर्थ नव्हता. नुसती घबराट होती ती माझी, शह द्यायला मिळाला म्हणून दिला. तू शांतपणे उंटापुढचं एक प्यादं पुढे सरकवून तो अडवलास आणि माझ्या उंटाला मागे फिरावं लागलं. कडेला उभे असलेले राठोड तेव्हाही हसले होते. तू मात्र हसली नाहीस. माझ्याकडे बघून भुवई जरा वर केलीस, एवढंच.

मग तुझं कुंपण झालं आणि मी त्याच्यावर सगळं सैन्य घातलं. त्या दिवशी मी बरी खेळले, हे तरी मान्य कर. मधली फळी उघडली, हत्ती आणून थेट तुझ्या राजाला शह दिला. वजीर जवळच दबा धरून. पण माझा एक घोडा पार पलीकडे अडकला होता आणि तो मरणार हे मला दिसत होतं. तुला एकच करायचं होतं. राजाच्या आणि हत्तीच्या मध्ये उंट घालायचा. माझा हल्ला तिथेच संपला असता, पुढच्या खेळीला घोडा गेला असता, आणि मी घरी जाऊन शिडी लावून पट माळ्यावर टाकला असता.

तू विचार करत होतीस. मुठीत टिक टिक चालू होती. मग ती थांबली.

तू मान वर करून माझ्याकडे पाहिलंस. मग राजा उचललास आणि अडीच घरांवर, घोड्याच्या चालीने, ठेवलास.

पंच वापीहून आलेले, शिस्तीचे. ते म्हणाले ते वाक्य आज पुन्हा ऐकलं. सगळे हसले, तूही हसलीस, कपाळावर हात मारून घेतलास. राजा जागेवर परत ठेवावा लागला, पण हात राजाला लागला होता, त्यामुळे राजाच हलवणं भाग होतं. त्याला जायला एकच घर शिल्लक होतं आणि तिथे माझ्या वजिराने त्याला गाठलं. मात. मी पुटपुटले, ‘उषा, तू उंट घाल ना मध्ये, मी काही म्हणत नाही.’ तू फाडकन म्हणालीस, ‘नियम म्हंजे नियम.’ आणि बाहेर आल्यावर सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणालीस, ‘हात गया वं माय! बापानी लावलेली सवय, ऐन टाइमाले हात गया!’

सगळ्यांनी विश्वास ठेवला. मीही ठेवला. लहानपणी हाताला लागलेलं वळण असं कधीतरी उसळून येतं, हे कुणालाही पटेल. तेव्हापासून तू ‘उडीवाल्या मॅडम’ झालीस. शिक्षक चिडवायचे, शिपाई चिडवायचे, तुझ्या वर्गातली पोरंसुद्धा बेंचावरून बेंचावर उड्या मारून दाखवायची. मी तर किती चिडवलं! तू खिरीत मीठ टाकलंस की मी म्हणायची, हात गेला वाटतं. तू हसायचीस. एकदाही तुला राग आला नाही, आणि तुझ्यासारख्या भांडकुदळ बाईला राग येत नाही याचा मला संशय आला नाही.

आणि मी गेले. तुझ्या जागी, त्या मोठ्या स्पर्धेला. तूच माझी बॅग भरलीस, ठेचा आणि बिबडे बांधून दिलेस. तिथे मी जवळजवळ सगळे डाव हरले, पण परत आले ती दुसरीच बाई. अनोळखी शहरात एकटी हिंडले, अनोळखी बायकांशी रात्रीच्या जेवणाला बसले, मुलीला फोन करून सांगितलं, ‘मी चँपियन म्हणून आलेय इथे.’ ती रडायला लागली. म्हणाली, आई, किती दिवसांनी तुझा असा आवाज ऐकतेय. घरी आल्यावर मी दार लावून बसणं सोडलं. ऑफिसातल्या पोरींना बुद्धिबळ शिकवायला लागले. माझं सगळं नंतरचं आयुष्य त्या एका डावावर उभं आहे, उषे. मी स्वतःच्या हिमतीवर तुला हरवलं होतं, त्या एका गोष्टीवर.

नानाभाऊ आले नसते तर मरेपर्यंत मी तेच समजत राहिले असते.

तुझे दिवस करायला तुझे थोरले भाऊ गावाहून आले होते. मी भेटायला गेले. बायका आत, पुरुष बाहेर. नानाभाऊंनी शेल्फावरचा पट पाहिला आणि मला म्हणाले, ‘ताई, उषी सांगे तुमनं. एक डाव मांडू का? तिले बरं वाटी.’ सुतकाच्या घरात पट मांडायचा म्हणजे बघणारे काय म्हणतील असं मला वाटलं, पण त्या माणसाचे डोळे असे झाले होते की नाही म्हणवेना. ते म्हणाले, मला तर गावचीच रीत येते. मी म्हटलं, चालेल. मनात आलं, बघ, तू कधी खेळली नाहीस माझ्याशी हा खेळ, शेवटी तुझ्या भावाने खेळायला बसवलं.

दोघांची प्यादी एकेक घर. त्यांनीही राजापुढचं सरकवलं, मग वजिरापुढचं. तेच कुंपण. तीच तिरपी वाट उघडी पडली आणि माझा उंट सवयीने जाऊन बसला. शह.

नानाभाऊ चक्क हसले. बहीण गेल्यापासून पहिल्यांदाच हसले असतील. ‘वा ताई! पहिलेच मनी उडी लई लिधी तुम्ही!’

मी म्हटलं, उडी कशी घेतली? मी तर नुसता शह दिला.

‘मंग? एकदाव शह खादा ना, का राजानी उडी गई. त्यानंतर तो घोडा व्हत नई. त्यानाकरताच तर पहिला शह देतस.’

उषे, मी पुन्हा विचारलं. शह फुकटचा असला तरी? लगेच अडवला तरी? ते म्हणाले, कसाही असो. राजाने शह सोसला की त्याची उडी गेली. मी म्हटलं, पण नाना, घाईत, घाबरून, एखाद्याचा हात चुकू शकतो ना? लहानपणची सवय म्हणून? ते माझ्याकडे बघतच राहिले. ‘ताई, न्हाना पोरेसले बी माहीत ऱ्हास हाई. नी उषी? उषी झोपमा बी चुकाव नई. तिनीच तं माले रडू येस्तोवर हरवं, दर टाइमले पहिले मनी उडी लई ले आणि मंग हासे.’

दुसऱ्याच खेळीला मी तुझी उडी घेतली होती. मला माहीत नव्हतं, तुला माहीत होतं. तुझ्या त्या वर गेलेल्या भुवईचा अर्थ मला नानाभाऊंसमोर बसल्यावर कळला. माझ्या रीतीने उडी चूक होती आणि तुझ्या वडलांच्या रीतीनेही चूक होती. तुझा हात ज्या वळणाने गेला असं तू सांगितलंस, तसं वळण तुझ्या हाताला कधी नव्हतंच.

तू डाव दिलास मला. दुसऱ्याला डाव देणं म्हणजे त्याला भिकारी समजणं, असं मला सुनावणारी तू. आणि दिलास तोही असा, की बघणाऱ्यांनी तुझी टिंगल करावी, माझी नाही. तू साधी हरली असतीस, मुद्दाम वजीर गमावला असतास, तर मला त्याच दिवशी कळलं असतं. तुझा खेळ मी ओळखत होते. म्हणून तू अशी चूक शोधलीस, जी खोटी आहे हे फक्त तुझ्या गावच्या माणसाला कळेल. आणि सिल्वासात तुझ्या गावचं कुणी नव्हतं.

त्या रात्रीपासून मी धड झोपलेले नाही. कधी वाटतं, तुझ्या पाया पडावं. कधी वाटतं, माझ्याकडचा तुझा फोटो भिंतीकडे तोंड करून ठेवावा. मी इतकी मोडलेली दिसत होते का गं तुला? मी खरंच हरले असते, पट माळ्यावर टाकला असता, तर तू पुढच्या रविवारी खाली उभी राहून ओरडली असतीस. ओरडली असतीस ना? की तेवढा भरवसा तुला स्वतःच्या हाकेचाही नव्हता? हे मला तुझ्या तोंडून ऐकायचं होतं. एकदा दमणगंगेच्या पुलावर आपण उभ्या होतो, पाणी बघत, आणि तू एकाएकी म्हणालीस, ‘शुभदा, तुले एक सांगाचं शे.’ मी म्हटलं, सांग. तू म्हणालीस, ‘जाऊ दे, थंडी वाजी ऱ्हायनी.’ ऐन उन्हाळ्यात. मी त्यावरही तुझी थट्टा केली होती.

तर माइक. मी समोर बघितलं. राठोड अजून हसत होते. मागच्या रांगेत तुझ्या खानवेलच्या शाळेतली मुलं आणली होती, तीही हसत होती. माझ्या डोक्यात दोनच गोष्टी होत्या. गप्प राहिले तर मी चँपियन राहते आणि तू कायमची उडीवाल्या मॅडम राहतेस. आणि बोलले तर तू इतकी वर्षं जे झाकून ठेवलंस ते मी तुझ्याच फोटोसमोर उघडं करते, तुला न विचारता. तुला ते आवडणार नाही, हे मला पक्कं माहीत होतं. माझी मुलगी पुण्याहून आली होती, पहिल्या रांगेत बसली होती. तिच्याकडे बघायची हिंमत होईना.

मी म्हटलं, ‘उषा चुकली नव्हती.’

लोकांना वाटलं, मी कौतुक करतेय. मी सांगितलं, सगळं सांगितलं. कुंपण, दुसऱ्या खेळीचा शह, गावची रीत, मध्ये घालायचा उंट. मला भाषण करता येत नाही, तुला ठाऊक आहे. पण अडखळत का होईना, शेवटपर्यंत गेले. शेवटी म्हटलं, ‘तो डाव तिचा होता. मी हरले होते. मला हरू द्यायचं नाही म्हणून ती तुमच्यात हसं करून घेऊन जगली.’ मग कुणी हसलं नाही. राठोडांनी मान खाली घातली. मला त्यांची दया आली, त्या बिचाऱ्याचा काय दोष? नानाभाऊ कडेला उभे होते, त्यांनी उपरण्याने तोंड झाकून घेतलं. मुलगी उठून आली आणि माइकसमोरच तिने मला धरलं. माझ्या कानात म्हणाली, ‘आई, तरी तू गेली होतीस ना तिथे. ते तर खरं आहे ना.’

हो, ते खरं आहे. पण उषे, मला तुला हरवायचं होतं. नीट, चांगल्या खेळाने, तू सगळा जोर लावलेला असताना. त्यासाठीच तर इतके रविवार मी बसत होते. मला वाटत होतं की ते एकदा झालंय, म्हणून मी निवांत होते. आता कळतंय की झालेलंच नाही, आणि आता होणारही नाही.

तुला विचारल्याशिवाय मी सगळ्यांना सांगून टाकलं. तुला भयंकर राग आला असणार. मग चिडून तरी ये गं, भांडायला तरी ये.